घरी कोण आहे?

"विहीर आटली. सोमवारपासून होस्टेल बंद. मुलींना घरी पाठवा," प्राचार्यांनी फर्मावलं. नोटीस लागली आणि थोड्याच वेळात सुनीता माझ्या खोलीत आली.

"मॅडम, मला घरी धाडू नका."

सुनीता धारूरकडची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मी होस्टेलची रेक्टर आणि कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी ही समिती करते. तिच्याच गावच्या एका सीनियरने रिकाम्या वर्गात जबरदस्ती केल्याची तक्रार सुनीताने नुकतीच दिली होती. पोलिसांत जायला मात्र ती धजत नव्हती.

त्या दिवशी तिने उरलेलं सांगितलं. आईवडील ऊसतोडीला गेले, की ती चुलत्याकडे राहायची; आताही आईवडील ऊसतोडीवरच होते. गेल्या सीझनला चुलतभावानेही तेच केलं. चुलतीने तिलाच दटावून गप्प केलं. गावात कुजबुज झाली, तिच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही.

"ह्यो सीनियर मला म्हणला, 'तवा कोण आलतं? आता कोण येनार हाय?'"

तिला विचारूनच मी हे समितीपुढे ठेवलं. एक सर म्हणाले, "दोन्ही वेळा हिच्याच बाबतीत कसं घडतं?"

माझं डोकं फिरलं. "सर, एकदा गप्प बसवलेली मुलगीच असले लोक हेरतात. तो स्वतःच्या तोंडाने तसं बोललाय."

चौकशी संपेपर्यंत मुलाला कॉलेजबंदी झाली. प्रश्न राहिला पाण्याचा.

जवळपास पाण्याचा टँकर होता तो सहकारी दूध संघाचा. त्याचे चेअरमन आमच्या संस्थेवरही होते. मी त्यांना मुलीचं नाव न सांगता अडचण सांगितली.

"मॅडम, टँकर छावणीला लागतो. जनावरं लई हायती."

"जनावरं छावणीत का आणलीत, साहेब?"

"घरी ठिवली तर मरतील की."

"माझ्याकडेही घरी न पाठवण्यासारखी एक मुलगी आहे."

त्यांनी टँकरच्या ड्रायव्हरला फोन लावला. "छावणीवरून येताना रोज होस्टेलची टाकी भरून दे रं."

होस्टेल चालू राहिलं. महिन्याभराने सुनीता स्वतःहून म्हणाली, "चला मॅडम, पोलिसांत." तिने दोघांचीही नावं दिली. केस अजून कोर्टात आहे.

समितीत आजही कुणीतरी सहज सुचवतं, "मुलीला थोडे दिवस घरी पाठवू." मी आधी विचारते, घरी कोण आहे?