अजून लिहून न झालेल्या पुस्तकाचा डोहाळा

पुस्तक हातात आलं की मी मागचं पान आधी बघते. तिथे 'आगामी' असं लिहिलेलं असतं आणि त्याच्या खाली यायच्या पुस्तकांची नावं असतात. ती वाचताना मला पंगतीत बसल्यासारखं होतं, म्हंजे पान मांडलंय, मीठ वाढून झालंय, भात अजून यायचाय आणि वास मात्र येतोय.

शाळा माझी नववीत सुटली. माहेर पेणच्या खाडीकडचं, घरातली सगळी मिठागरावर जाणारी, त्यामुळे कुणी वाचत नव्हतं. लग्न होऊन मी कुंडलिका नदीच्या अलीकडे, रोह्यासमोरच्या अष्टमी गावात आले. आमचे हे कंपनीत, शिफ्टचं काम, ते झोपले की घरात आवाज करायचा नाय. मग मी पूल ओलांडून रोह्याच्या ग्रंथालयात जायला लागले. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा स्वयंपाकाचं पुस्तक पुढे केलं. मी म्हटलं, हे नको, ते वरचं द्या, त्याच्यावर दोन चंद्र हायत.

ते मी बोट ठेवून ठेवून वाचलं. अवघड शब्द आला की डबक्यावरून उडी मारतो तशी पुढे जायची. तरी समजायचं सगळं. एक ग्रह असतो, त्याला दोन चंद्र, म्हणून भरती दोनदा येते आणि ओहोटी इतकी लांब जाते की समुद्राचा तळ उघडा पडतो. तिथली माणसं मीठ पिकवतात. मी वाचताना थांबलेच. मीठ! परग्रहावर पण! तिथलं मीठ अंधारात निळं चमकतं, एवढाच काय तो फरक. त्यातल्या मुलीची आई लहानपणीच एका यानात बसून गेलेली असते आणि मुलगी तिला शोधायला ओहोटीच्या मागे मागे चिखलातून चालत जाते. चिखलात पाय कसा टाकायचा, आधी टाच की आधी बोटं, ते मला विचारा. त्या लेखकाला ठाऊक नव्हतं. मी मनातल्या मनात तिला चालायला शिकवलं.

मग माझं असं व्हायला लागलं की संध्याकाळी पुलावर उभी राहिले की कुंडलिकेच्या पलीकडे कंपन्यांचे दिवे लागायचे, वाफ वर जायची आणि मला वाटायचं, यान उतरलंय. आणि त्या यानातून आमचे हे डबा हलवत खाली यायचे, म्हणायचे, "काय बघते गो? चल, भूक लागली."

त्याच पुस्तकाचा दुसरा भाग वाचला तेव्हा मला दिवस गेलेले होते. ओकाऱ्या यायच्या, उताणी पडून पोटावर पुस्तक उभं करून वाचायची. शेवटच्या पानावर ती मुलगी यानाच्या दारापर्यंत पोचते, वर दोन्ही चंद्र एकावर एक आलेले असतात. ती दार वाजवते. आतून कुणीतरी विचारतं, "कोण?" आणि पुस्तक संपतं!

मी पान उलटलं, परत उलटलं. मागे लिहिलेलं, 'आगामी: भाग तिसरा'. तशीच चपला घालून पुलावरून ग्रंथालयात गेले. बाई म्हणाल्या, "अजून आला नाय गो. लेखक लिहितोय."

"कधी होईल लिहून?"

"ते त्यालाच माहीत. तुझं आधी होईल बहुतेक," पोटाकडे बघून म्हणाल्या.

मग मला दुसरं कायच सुचेना. भाकरी थापताना, कपडे पिळताना, आत कोण असेल, आई असेल की दुसरंच कुणी असेल, आणि आईनंच 'कोण' म्हणून विचारलं असेल तर? आपल्या पोरीला ओळखलं नसेल तर? रडूच यायचं.

डोहाळजेवणाला बायका गोळा झाल्या, सगळ्या विचारायला लागल्या, काय खावंसं वाटतं, सांग की गो. मी म्हटलं, कायच नाय. सासूबाई म्हणाल्या, "असं बोलू नको. मनातला डोहाळा राहिला तर पोराचा कान फुटतो."

सगळ्यांना ठाऊक असतं ते. मलाही ठाऊक होतं. पण एवढ्या बायकांत कसं सांगणार की मला पुस्तकाचा तिसरा भाग पायजे, आणि तो अजून जगात नाय? मी म्हटलं, चिंच. मला ओंजळभर चिंच मिळाली.

मुलगी झाली. गोरी नाय, काळी नाय, मिठागराच्या पाण्यासारखी आणि तशीच शांत. बसायला लागली आणि तिचा उजवा कान वाहायला लागला.

त्या सकाळी मी उशीवरचा डाग बघितला आणि सासूबाईंचं बोलणं आठवलं. डॉक्टरनं थेंब दिले, कान सुकला. थोडे दिवस गेले, परत वाहिला. परत थेंब, परत सुकला, परत वाहिला. सासूबाईंनी लसूण टाकून तेल कोमट केलं, ते घातलं. मग एकदा माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा कायतरी राहिलाय. काय राहिला ते सांग. रागवत नाय मी."

मी म्हटलं, कायच नाय राहिला.

त्यांनी ऐकलं नाय. आज शेतातले मुठे आणले, खेकड्यांचं कालवण केलं, मला खायला घातलं आणि बोट पोरीच्या ओठाला लावलं. उद्या ताडगोळे. मग वालाचं बिरडं. पेणहून कुणी येणार होतं त्याच्याकडून पापडाच्या कच्च्या लाट्या मागवल्या, त्या तेलात बुडवून खाल्ल्या मी, बऱ्याच खाल्ल्या. माझं वजन वाढलं. कान काय थांबेना.

आणि मग मी पोरीला मागून, उजव्या बाजूनं हाक मारली तर तिनं बघितलंच नाय. परत मारली. ती वाटीशी खेळत होती, खेळतच राहिली.

डॉक्टर म्हणाले, पेणला कानाच्या डॉक्टरीणबाई हायत, त्यांच्याकडे मशीनवर ऐकू येतं का ते तपासून घ्या. मी हो म्हणून आले आणि गेलेच नाय. आज पाऊस हाय, आज ह्यांची शिफ्ट बदलली. खरं म्हंजे मला मनातून वाटायचं, मशीन काय करणार, पुस्तक आलं की थांबेल. दार उघडलं, आत कोण हाय ते कळलं की माझ्या पोरीला ऐकू येईल. ग्रंथालयात जायची आणि नवीन पुस्तकांच्या कप्प्यात शोधायची. एका दिवशी पोरीला कडेवर घेऊन तिथेच रडायला लागले, बाईंना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा काढला. "पुस्तकाचा डोहाळा होता? मग कान कशाला फुटेल? डोळे फुटायला पायजेत."

मस्करी केली हो त्यांनी. पण मी पोरीचे डोळे बघायला लागले, पापण्या वर करकरून. बाई घाबरल्या, मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"अगो, येडी काय तू? त्या लेखकाला अजून दोन वर्षं लागली तर पोरीला तशीच ठेवशील? तो बसलाय तिकडे चहा पीत. पेणला जा."

ह्यांना सुट्टी मिळाली नाय म्हणून सासूबाई आल्या. एसटीत खिडकीशी त्या, मांडीवर पोर, बाजूला मी. नागोठणं गेलं तेव्हा मी म्हटलं, "आई, तो डोहाळा होता ना..."

"होता ना? मला ठाऊकच होतं. कसला?"

"पुस्तकाचा."

"मग सांगायचं ना गो. पुस्तक काय हत्ती हाय? आणलं असतं."

"ते लिहूनच झालं नाय अजून."

"लिहून झालं नाय त्याचा डोहाळा?" पुढच्या सीटवरचा माणूस वळला इतक्या मोठ्यानं बोलल्या. "आमच्या वेळी बाया माती खायच्या, कोळसे खायच्या. हे काय तुझं?" मग हळूच, "काय हाय तरी त्यात?"

मी सांगायला लागले. दोन चंद्र, निळं मीठ, यान, चिखलातून चालणारी पोर. बाहेर शेतं मागे जात होती, त्यांच्यात पाणी होतं, पाण्यात आभाळ होतं, आणि सांगता सांगता मला वाटलं की आमची एसटीच ओहोटीतून चाललीय, सगळे प्रवासी झोपेतच दुसऱ्या ग्रहावर पोचणार. वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली तिथे मी दारापर्यंत आले. आतून विचारतात, कोण?

"मग?"

"मग नाय. ते तिसऱ्या भागात."

"म्हंजे आता मी पण लटकले," सासूबाई म्हणाल्या आणि पोरीला माझ्याकडे दिली.

तपासायची खोली लहान होती, भिंतींना मऊ गादीसारखं कायतरी लावलेलं. दार बंद केलं आणि रस्त्याचा आवाज गेला, पंख्याचा गेला, सगळं जग बाहेर राहिलं. मी पोरीला मांडीवर घेऊन बसले. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई बसल्या, त्यांच्यापुढे बारके दिवे. मला सांगितलेलं, तुम्ही हलायचं नाय, तुम्ही बघितलं तर ती पण बघेल. मी श्वास सुद्धा दाबून धरला. काय पण ऐकू येत नव्हतं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, दोन चंद्रांच्या खाली उघड्या पडलेल्या समुद्रात असते तशी.

आणि पोरीनं डावीकडे मान वळवली.

मला कायच ऐकू आलं नव्हतं. छातीतल्या धडधडीत मला नाय आला तो आवाज, तिला आला. परत वळली. मग उजवीकडून आवाज दिले. ती माझ्या मंगळसूत्राशी खेळत बसली. मग मोठा आवाज आला, तो मलाही आला, आणि ती वळली. हळू वळली पण वळली.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. डावा कान चांगला हाय. उजव्याच्या पडद्याला भोक पडलंय, म्हणून त्या बाजूला कमी ऐकू येतं. बहिरी नाय. औषध घालायचं, आंघोळीला पाणी जाऊ द्यायचं नाय, भोक भरलं नाय तर मोठी झाल्यावर छोटं ऑपरेशन. आणि तेल अजिबात घालायचं नाय. तेलाचं म्हटल्यावर सासूबाई छताकडे बघायला लागल्या.

मी विचारलं, "आईच्या डोहाळ्यानं होतं काय हे?"

"सर्दीनं होतं," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. पेणच्या रस्त्यावरचे हॉर्न, रिक्षावाले, कुणीतरी कुणाला शिव्या देत होता, सगळं गोड वाटत होतं. आणि जरा वाईट पण वाटलं, खोटं कशाला सांगू. इतके दिवस ते पुस्तक आलं की सगळं नीट होणार होतं. आता ते आलं तरी त्यानं कायच होणार नव्हतं. ते नुसतं पुस्तक झालं. मग पुलाजवळ एसटीतून उतरेपर्यंत परत डोक्यात आलं, आत कोण असेल पण?

तिसरा भाग अजून आलेला नाय. मी अधूनमधून ग्रंथालयात विचारून येते.

थेंब घालताना पोरीचा उजवा कान वर करून तिला मांडीवर कुशीला झोपवते आणि औषध आत जाईपर्यंत तशीच धरून ठेवते. चांगला कान खाली दाबलेला असतो, म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं. मी तिला त्या दाराच्या पुढचं सांगते, रोज वेगळं, मनाचं. परवा दार उघडल्यावर आत नुसतं पाणी होतं. तर चुलीकडून सासूबाई ओरडल्या, "पाणी कसं असेल? मगाशी 'कोण' म्हणून पाण्यानं विचारलं काय? नीट सांग तिला."

"मग तुम्ही सांगा."

हात पुसत आल्या, पोरीच्या वर वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आत तिची आजी होती."

पोर हसली. तिला ऐकू आलं.