अर्धा भरलेला हात

निजामी संपली त्या पावसाळ्यात माझ्या बायकोला सातवा महिना होता. भोकरदनजवळच्या आमच्या खेड्यात लष्कर आलं आणि पुढं निघून गेलं. वर्षभर ज्यांनी दहशत बसवली ते आधीच पळाले होते. ज्यांच्यावर सूड उगवायचा, असे मागं उरले होते ते फक्त गरीब मुसलमान शेजारी. आमचे मणियार चाचा त्यांतलेच. माझ्या आईला, बहिणींना, लग्नात बायकोला बांगड्या त्यांनीच भरलेल्या.

सकाळी ते दाराशी आले. आसरा मागायचीही त्यांना लाज वाटत होती. मी म्हणालो, "चाचा, दुसरीकडं जा. घरात गर्भारीण आहे." नाव तिचं घेतलं, भीती माझी होती.

आतून ती म्हणाली, "जातील कसे? माझे हात भरायचे राह्यलेत."

गर्भारणीचा एकच हात भरून मणियाराला उठवणं आमच्याकडं अशुभ मानतात. तिनं त्यांना ओसरीवर, सगळ्यांना दिसेल असं बसवलं आणि डावा हात पुढं केला. तो हिरवागार झाला, तोच गावातली माणसं काठ्या घेऊन अंगणात शिरली.

"चला चाचा. राज्य गेलं तुमचं."

मी खांब धरून उभा. ती म्हणाली, "भाऊ, उजवा हात रिकामा आहे. भरू द्या, मंग बघा."

माणसं थांबली. तिनं एक बांगडी चढवून घेतली. "ही घट्ट झाली, काढा." दुसरी सैल. तिसरीचा रंग जुळेना. चाचा काढत होते, चढवत होते. "आहिस्ता बेटी, हात ढिला सोड." ऊन चढलं. शेवटी त्यांतला थोरला वैतागला, "बाईच्या पसंतीला अंत न्हाई! चला रे."

ते गेल्यावर तिनं हात भरून घेतला आणि रिवाजाप्रमाणं चाचांना वाकून नमस्कार केला. आशीर्वाद द्यायला त्यांनी हात उचलला आणि हातातली उरलेली बांगडी खाली पडून फुटली.

"फुटली नव्हं, वाढली म्हणा, चाचा," असं म्हणून ती भाकरी थापायला आत गेली. काचा मी वेचल्या.

गाव निवेपर्यंत चाचा आमच्याकडंच राहिले. माझं त्या सकाळचं बोलणं त्यांनी कधी काढलं नाही. पुढं मुलगी झाली. तिच्या चिमुकल्या हातांत त्यांनीच काळ्या बांगड्या भरल्या. नमस्काराला तिचं डोकं मी त्यांच्या पायांशी टेकवलं. त्या निमित्तानं मलाही वाकता आलं.