माझ्या पोटावरची बैठक

लेकीच्या साखरपुड्याची तारीख निघाली आणि त्याच आठवड्यात मला दिवस गेल्याचं कळलं. वय चाळिशीपार. हिवरखेडला आमचा भाजीचा मळा. वांगी तोडताना उलटी झाली, तेव्हा आधी मी फवारणीच्या औषधालाच शिव्या घातल्या होत्या.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं घाबरून थोरल्या भावाला सांगितलं आणि माझं पोट साऱ्या घराचा विषय झालं.

चहाच्या वेळी बैठक बसली. थोरले दीर रोज प्रवचन ऐकणारे. ते म्हणाले, "जीव पहिल्याच दिवशी येते. पाडनं म्हंजे हत्या."

नवऱ्यानं मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, "ठोके चालू झाल्यावर येते, दादा."

सासूबाई लसूण सोलत होत्या. "आमच्या वक्ती पोर पोटात हाललं, का मंग जीव आला म्हनत."

मी चहा गाळत होते. मला एवढंच कळवण्यात आलं की साखर कमी आहे.

अमरावतीला शिकणारी लेक फोनवर आधी खो खो हसली. मग म्हणाली, "आई, तुले काय पायजे?"

"मले नाई पायजे वं," मी म्हटलं. कुणीतरी विचारल्यावर उत्तर तयारच निघालं.

अकोल्याला डॉक्टरीणबाईंकडे निघालो, तर थोरले दीरही गाडीत येऊन बसले. दवाखान्यातल्या बाकावर त्यांना दुसऱ्या कुणाचे तरी सासरे भेटले आणि बैठक पुन्हा रंगली. माझं नाव पुकारलं तसा नवरा उठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. सही यांचीच लागते."

तपासणी झाल्यावर मीच त्यांना विचारलं, "मॅडम, जीव कधी येतो?"

"छातीठोकपणे मला नाही सांगता येत. तुम्हाला काय वाटतं?"

"मले वाटते, काहीतरी हाय. तरी मले नाई पायजे."

त्यांनी मान हलवली. गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं, मी सही केली.

बाहेर आले तेव्हा दीर पुनर्जन्मापर्यंत पोचले होते आणि ते सासरे त्यांना चौऱ्याऐंशी लक्ष योनी समजावत होते. नवरा कानाशी म्हणाला, "अजून काई ठरलं नाई."

"तुमचं चालू द्या. माझं झालं," मी म्हटलं. "आता मले कचोरी खाऊ घाला."

जुन्या शहरात कचोरी खाल्ली. दिरांनी दोन खाल्ल्या, रागातच.

गोळ्यांनी पोट फार दुखलं. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले, उशाशी ठेवले. एका दुपारी मला उगाच रडू आलं. नको होतं ते खरंच, पण रडूही खरं होतं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"रड," त्या म्हणाल्या. "पन पाठीले वारं लागू देऊ नको."

आणि खिडकी लावून घेतली.