१२३४५६७ ला १२७ ने भाग जातो

मी लिहिणारा माणूस नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शब्द कमी-जास्त झाले तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. आमचे विभागप्रमुख एका पिवळ्या वहीतून नोट्स सांगायचे. त्यांच्या सरांनी त्यांना उतरवून दिलेली वही. एकदा म्हणाले, "लिहा. १२३४५६७ ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, तिसऱ्या कशानेही भाग जात नाही."

मला राहवेना. वडील अंबडच्या कारखान्यातून रद्दी जॉब कार्डं, म्हणजे मशीनवरच्या कामाची नोंद करायची कार्डं, आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी दोनपासून एकेका मूळ संख्येने भागत गेलो. तीस वेळा बाकी उरली. एकतिसाव्या वेळी १२७ ने भागलं. बाकी शून्य.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहिलो. "सर, १२७ ने भाग जातो. भागाकार ९७२१."

सरांनी माझ्या हातातलं कार्ड घेऊन दोन बोटांत धरलं. आकडे पाहिलेच नाहीत. "शी! ऑइलचा वास येतोय. कुठल्या गॅरेजात सोडवलंस?"

वर्ग हसला. मग त्यांनी आडनाव विचारलं. ठाऊक असलेलं. मी सांगितलं.

"अच्छा. सवलतीत अ‍ॅडमिशन मिळते रे, अक्कल मिळत नाही. बस खाली."

मी उभाच. "सर, एकदा गुणून तर बघा."

"मी काय तुझा नोकर आहे?"

परीक्षेच्या फॉर्मवर त्यांची सही लागायची. ती हवी असेल तर 'मी चुकीचं बोललो' असं लिहून आण, असा निरोप आला.

आठ दिवस केबिनबाहेर उभा राहिलो. सर येता-जाता विचारायचे, "आणलंस?" खिशात कोरा कागद. एक ओळ लिहिली की सुटलो. रोज कागद काढायचो. रोज घडी घालून परत ठेवायचो. मी लिहिल्याने ती संख्या मूळ होणार होती का?

आई म्हणाली, "लिहून टाक ना रे. एका वळीनं काय होतंय? वरीस जाईल."

वडील चौथी पास. त्यांनी पेन्सिल घेतली. ओठ हलवत, हातचे बोटांवर धरत, ९७२१ ला १२७ ने गुणलं. बराच वेळ लागला.

"बराबर हाय," म्हणाले. "मंग कशाला लिहितो?"

नवव्या दिवशी आत गेलो. "लिहिणार नाही, सर. ते खोटं आहे."

"मग बस घरी."

फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवून निघालो. वाटलं, एवढ्यासाठी सर काही माझं वर्ष बुडवणार नाहीत. सगळ्यांची हॉल तिकिटं आली. मी रोज ऑफिसच्या खिडकीशी जायचो. आज क्लार्कने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "तुझा फॉर्म विद्यापीठात गेलाच नाही."

वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरणार. ती ओळ तेव्हाही लिहिणार नाही.