बोटीवरचा धवला

लाइफ जॅकेटचा शेवटचा पट्टा हरेशने आईच्या पोटावर आवळला आणि मग हळूच म्हणाला, “आये, आज धवला गायचा हाय.”

धक्क्याचा दोर सुटला होता. बोट आणि काठ यांच्यामध्ये पाण्याची रुंद पट्टी पडली होती. हेच त्याने धक्क्यावर सांगितलं असतं तर गोदू तिथूनच पाठ फिरवून घरी चालू लागली असती, आणि म्हणूनच त्याने ते धक्क्यावर सांगितलं नव्हतं.

“लगीन कुनाचं?” गोदूने विचारलं.

“लगीन नाय गं. तो पोरगा तिला मागनी घालनार हाय. अंगठी देनार. बुकिंगच्या टायमाला मीच बोललो, आमच्याकडं आगरी धवला पन हाय.”

“बोललास तू. आनि गला माजा?”

“हलू बोल. गिऱ्हाईक बसलंय समोर.”

गिऱ्हाईक म्हणजे तिघं. खारघरचा सत्यजीत, डोळ्यांवर काळा चष्मा आणि पांढरा शर्ट. त्याची आई नीता, जिच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलच्या काचेत दोन्ही घरची माणसं दाटीवाटीने बसली होती. आणि मिताली. तिला सांगितलं होतं की काकूंचा वाढदिवस आहे, म्हणून ही खाजगी बोट.

गोदू वयाची साठी ओलांडलेली बाई. नऊवारी लुगडं, नाकात नथ, गळ्यात खोट्या सोन्याचं ओझं आणि त्यावर हे केशरी जाकीट. बोटीवर तिचं काम ठरलेलं होतं. आलेल्यांना कुंकू लावायचं, बायकांना अबोलीची वेणी द्यायची, डब्यातले तळलेले बोंबील वाढायचे आणि कुणी फोटोला उभं केलं की हसायचं. हसणं तिला जमत नसे. मागच्या रविवारच्या गिऱ्हाईक बाईंनी तर नेटवर लिहून ठेवलं होतं, बोट छान, नदी ठीक, आजी रागावलेल्या वाटतात.

नदी ठीक हे त्यातल्या त्यात दयाळूपणे लिहिलं होतं. गाढी नदी खाडीला मिळते तिथून हरेशची सफर सुटायची. पुलांच्या खालून वर, मग वळून तिवरांच्या कडेने, विमानं उतरताना दिसतात त्या मोकळ्या पाण्यापर्यंत. भरती असेल तेवढा वेळच. ओहोटी लागली की नदी आपलं पोट उघडं करायची, काळा चिखल, बाटल्या, कुणाच्या तरी गणपतीचा सांगाडा. भरतीचं पाणी हे सगळं झाकून टाकायचं आणि त्या झाकणावरून हरेश माणसांना फिरवायचा.

धवला म्हणजे नुसतं गाणं नव्हे. निदान गोदूच्या लेखी नव्हे. तिच्या लहानपणी आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालायचं, धवलारीण मात्र आधी लागायची. तीच हळद लावणार, तीच एकेका देवाला त्याच्या जागेवरून हाक मारून मांडवात आणणार, बसवणार, आणि लग्न लागलं की ज्याला त्याला आपापल्या जागी परत धाडणार. गोदू हे मावशीकडून शिकली, मिठागराच्या बांधावर, डोक्यावर मिठाची पाटी असताना. मावशी पुढे, ही मागे. एक ओळ मावशीची, तीच ओळ हिची. पुढे काशीरामशी लग्न होऊन ती खाडीकाठच्या त्याच्या गावात आली आणि मावशीनंतर पंचक्रोशीतली लग्नं तिच्या गळ्यावर लागू लागली. विमानतळासाठी गाव उठलं. प्लॉट मिळाला, प्लॉटवर तीन मजली घर उभं राहिलं. काशीराम आता वरच्या मजल्यावर खुर्ची टाकून विमानं बघत बसतो. लग्नं हॉलमध्ये लागतात आणि गोदूला हळदीला पाच मिनिटं बोलावतात, स्पीकर गरम होईपर्यंत.

बोट पहिल्या पुलाखालून गेली. वर ट्रकचा गडगडाट, खाली घुसमटलेला वास. नीताबाईंनी नाकाला पदर लावला आणि मोबाइलकडे बघत म्हणाल्या, “अहो, किती सुंदर वाटतंय इथे!”

मिताली उठून मागे गोदूच्या शेजारी येऊन बसली. पुढे पाणी उडतं, असं तिने सत्यजीतला सांगितलं. पाणी मागेच जास्त उडत होतं.

“आजी, ही बोट मध्ये कुठे थांबते का?”

“मुतायला लागली का गो?”

“नाही हो.” ती हसली. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. “उतरायचं होतं.”

“उतरशील कुठं? तिवरं हायत. त्याच्याखाली कमरेएवढा चिखल. मी जायची त्यात निवट्या मासं धरायला. तुज्या या चपला घेऊन पाय टाकलास तर चपला वर आनि तू खाली.”

मिताली काठाकडे बघत राहिली. दोन्हीकडे तिवरांची हिरवी भिंत होती, तिच्यामागे टॉवर, टॉवरांच्या मागे आणखी टॉवर. मग म्हणाली, “त्याच्या खिशात डबी आहे. मगाशी कुंकू लावून घ्यायला वाकला तेव्हा दिसली. काकूंचा वाढदिवस वगैरे काही नाहीये.”

मावशीने शिकवलं होतं, पहिली ओळ तोंडातून काढायच्या आधी नवरीच्या कानाशी जायचं आणि एकच विचारायचं. आईबापांसमोर नाही, कानातच. गोदूने जाकिटासकट वाकून मितालीच्या कानाशी तोंड नेलं.

“मन हाय?”

“तो चांगला आहे, आजी. खरंच चांगला आहे.”

“त्याचं नाय इचारलं.”

मितालीने लाइफ जॅकेटची शिट्टी बोटांत धरून फिरवली. “माहीत नाही. सगळ्यांना माहीत आहे. मलाच माहीत नाही.”

इतक्या लग्नांत गोदूने हा प्रश्न विचारला होता. पोरी लाजायच्या, रडायच्या, मान हलवायच्या, एकीने तर कानातच शिवी दिली होती, पण ती शिवीही होकाराचीच होती. माहीत नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि मावशीने या उत्तराला पुढे काय करायचं ते सांगून ठेवलं नव्हतं.

ती कठडा धरत धरत हरेशपर्यंत गेली. “मी नाय गानार.”

“आये, आता नको.”

“पोरीचं मन नाय.”

“तिचं मन तिची सासू बगल! तुला कोन इचारतंय?” मग त्याचा आवाज खाली आला. सुकाणूच्या चाकावरचे आपले हात बघत तो म्हणाला, “मी काय हौस म्हनून करतो हे? शेत हाय का मिठागर हाय? हीच नदी हाय आता आपल्याला, ती पन भरती असंल तवर. एक गानं गा, संपलं.”

“ते गानं नाय रं.”

“मग काय हाय?”

त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या स्वतःच्या लग्नात तो तिच्या पायाशी बसून ऐकत होता. गोदू परत जागेवर येऊन बसली आणि तिने ओठ मिटले.

मोकळं पाणी आलं तसं हरेशने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. इतकं शांत की मोबाइलमधला कुणाचा तरी मिक्सर ऐकू आला. सत्यजीतने चष्मा काढून खिशात ठेवला. नीताबाईंनी मोबाइल आधी गोदूकडे वळवला. “आजी, सुरू करा ना! सगळे वाट बघतायत.”

गोदू पाण्याकडे बघत राहिली.

“लाजतात वाटतं,” नीताबाई मोबाइलला म्हणाल्या.

आणि मग धवला सुरू झाला.

गोदूचं तोंड मिटलेलंच होतं. आवाज चाकाखालच्या स्पीकरमधून येत होता. गोदूच्या सुनेच्या, म्हणजे भाविकाच्या, बहिणीच्या हळदीत कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं हे गाणं हरेशने कधी साठवून ठेवलं होतं कोण जाणे. मागे भांड्यांचा आवाज होता, कुणी पोर रडत होतं, आणि त्या सगळ्यावर गोदूचा गळा एकेका देवाला हाक मारत होता. वेशीवरच्या आईला हाक. डोंगरावरच्या देवाला हाक. मिठागराच्या बांधावरच्या राखणदाराला हाक. खाडीला हाक. या गो, या रं, पोरीच्या मांडवात या. गोदूने गळ्यावर हात ठेवून पाहिला. गळा थंड होता.

सत्यजीत गुडघ्यावर बसला. बोट एका बाजूला कलली, तसा हरेश चटकन दुसऱ्या कडेला गेला. “मिताली, माझ्याशी लग्न करशील?” सत्यजीतचा आवाज कापत होता; तो पोरगा खरंच चांगला होता.

मिताली उभी होती. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मोबाइल, मागे गोदू, आणि चारी बाजूंना पाणी.

“बोल गं बेटा!” मोबाइलमधून तिच्या वडिलांचा आवाज आला. “लवकर बोल, नेटवर्क जाईल!”

मिताली काहीतरी म्हणाली.

“काय? काय म्हणाली ती?”

“हो म्हणाले!” मिताली ओरडली.

टाळ्या, शिट्ट्या, मोबाइलच्या काचेत नाचणारे हात. अंगठी बोटात गेली आणि तेवढ्यात स्पीकरमधला आवाज कापल्यासारखा थांबला. क्लिप तेवढीच होती.

गोदूने स्पीकरकडे बघितलं. देवांना हाका मारून झाल्या होत्या. हाक तिच्याच आवाजात गेली होती, देव काय स्पीकर ओळखतात? ते जागेवरून उठले असणार, आले असणार. आणि आता त्यांना कुणी बसवत नव्हतं. बोलावलेले देव दारात उभे ठेवले तर त्याचं सगळं त्या पोरीवर येतं, हे मावशीने बजावून सांगितलं होतं. बसवावं, तर पुढचा धवला गावा लागणार, आणि तो गायला की लग्न लागलं. माहीत नाही म्हणणाऱ्या पोरीचं लग्न गोदूच्या गळ्यावर लागलं. इकडून पोरीला बांधायचं, तिकडून पोरीवर कोप आणायचा. तिसरी वाट नव्हती. बोट पाण्यात संथ गोल फिरत होती.

गोदूने तोंड उघडलं. तिला स्वतःलाही माहीत नव्हतं काय बाहेर येईल. आली ती पाठवणी. लग्नाचा शेवटचा धवला, देवांना परत धाडण्याचा. लग्नाआधी तो कधी कुणी गायला नव्हता.

“अय्या, आजी गायल्या!” नीताबाई म्हणाल्या आणि मोबाइल तिच्या तोंडापाशी आणला.

हरेशने वळून बघितलं. त्याला शब्द कळत होते. त्याचा चेहरा उतरला, पण इंजिन चालू करण्यापलीकडे तो काय करणार होता? बोट परतीला लागली आणि गोदू गात राहिली, इंजिनच्या वर आवाज चढवून. वेशीवरच्या आये, परत जा, लगीन नाय. आपल्या वेशीवर जा. आणि इथे ती अडखळली. वेस कुठे होती? तिच्यावरून विमानतळाचं तारेचं कुंपण गेलं होतं. डोंगरावरच्या देवा, तुज्या डोंगरावर जा. डोंगर सुरुंग लावून सपाट केला होता. त्याच्या मातीने खाजणं भरली होती. बांधावरच्या राखणदारा, तुज्या बांधावर जा. एक विमान इतकं खालून गेलं की सगळ्यांनी वर बघितलं आणि राखणदाराचं नाव त्या आवाजात बुडालं. गाव उठल्यापासून हळदीच्या त्या पाच मिनिटांत पाठवणी कधी आलीच नव्हती. त्यामुळे देवांना परत कुठे धाडायचं हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. तरी तिने पाठवणी शेवटपर्यंत गायली. एकेकाला जागा सांगितली. जागा नव्हती तरी सांगितली.

धक्क्याला बोट लागली. पाणी उतरायला लागलं होतं. नीताबाईंनी गोदूला मिठी मारली. “काय गोड गाता हो! आमच्या सगळ्यांच्या डोळ्यात पाणी आलं.” सत्यजीत तिच्या पाया पडला. ती दोघं पुढे गेली. मिताली जाकीट काढण्याच्या निमित्ताने मागे राहिली. बकल तिच्याने निघत नव्हतं; गोदूने ते काढून दिलं.

“आजी, ते शेवटचं काय होतं?”

“देवांना सांगितलं, माघारी जा. लगीन अजून ठरलं नाय.”

“म्हणजे झालं नाही?”

“माज्याकडून तरी नाय झालं. पुढचं तुजं तू बग.”

मितालीने अंगठी बोटातच एकदा फिरवली. काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून हाक आली, “मिताली, चल गं, गाडी आलीये! आणि घरी सगळे जेवायला थांबलेत!” ती पायऱ्या चढून गेली. गोदूला बोटीतून गाडीचं मागचं दार दिसत होतं. सत्यजीत एका बाजूने बसला, नीताबाई दुसऱ्या बाजूने, आणि मधल्या जागेत ती. दारं लागली.

हरेश दोर बांधत होता. पाठमोराच म्हणाला, “त्यांना काय समजलं नाय, ते बरं झालं. खूश होती सगली.” आणि थोड्या वेळाने, “उद्याच्या भरतीला पन एक जोडपं हाय. हाच गा. कुनाला काय कलतंय?”

गोदू बाकावर बसून शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

“आये, उतर. पानी चाललंय. बोट चिखलात बसंल.”

“तू हो पुढं.”

“आनि तू? कोन हाय आता बोटीत?”

बोटीखाली पाणी सरत होतं, चिखलाची पहिली काळी पट्टी काठाशी उघडी पडली होती. गोदूने जाकीट काढलं नाही. ती बाकावर थोडी कडेला सरकली, मग आणखी थोडी, शेजारी तिघाचौघांना बसता येईल इतकी.