इंग्रजी साहित्याचं कातडं

स्वरूपा वाळव्याकडच्या हलगी मढवणाऱ्या घरातली. बोकडाचं कातडं चुन्यात मुरवायचं, केस खरडायचे, कड्यावर ताणायचं, हे तिला बाराखडीच्या आधी आलं. नवरा संशोधक, म्हणून ती जपानात सेंदाईला आली नि विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात अर्धवेळ झेरॉक्स काढायला लागली. इथल्या मराठी बायकांना मात्र तिनं सांगून ठेवलेलं, वडलांचं वाद्यांचं दुकान आहे. दुकान म्हंजे उंबराखालचं पोतं. ते बघायला एवढ्या लांबनं कोण जातंय?

विभागात ओनोदेरा-सेन्सेई, म्हंजे ओनोदेरा मास्तर. हजार वर्षांमागचं इंग्रजी त्यांना तोंडपाठ. त्या काळी तिकडं कागद नव्हता, मठातले साधू वासराच्या कातड्यावर लिहायचे. थोडक्यात, इंग्रजी साहित्याचा पाया गोठ्यातला. मास्तरांना तसलं एक पान स्वतःच्या हातानं करून जाहीर व्याख्यानात त्यावर लिहून दाखवायचं होतं. मागच्या शेडमध्ये त्यांनी लाकडी चौकटीला कातडं खिळ्यांनी ठोकलं. वाळताना ते आकसलं नि खिळ्यापासनं टर्रकन फाटलं. असं तीनदा. मास्तर दर वेळी कमरेत वाकून फाटक्या कातड्याचीच माफी मागायचे.

चौथं कातडं शेवटचं. ते ठोकायच्या दिवशी मधुरिमाताई येऊन बसल्या. पुण्याच्या, इंग्रजीत एम.ए., व्याख्यानात जुनी कविता म्हणणार त्याच. मराठी मंडळाच्या सेक्रेटरीही त्याच. त्यांना कळलं म्हंजे पार टोकियोच्या हिगाशी-कसाईतल्या मराठी घरांपर्यंत कळलं. म्हणून स्वरूपा झेरॉक्सचा गठ्ठा छातीशी धरून गप उभी.

मास्तरांनी हातोडी उचलली.

चांगलं कातडं डोळ्यांदेखत नासतंय हे काही तिला बघवेना. गठ्ठा खाली टाकला, मास्तरांच्या हातातनं हातोडी काढून घेतली, बाहेरनं ओंजळभर गोटे आणले. एकेक गोटा कातड्याच्या कडेत गुंडाळून दोरीनं चौकटीला आवळला. आता आकसलं तर दोरी वाईच ढिली करायची, फाटायचा प्रश्नच नाही.

"तुला गं हे कुठून माहीत?" ताईंनी विचारलं.

"घरातनं. आमी हलग्या मढवतो, ताई. दुकान-बिकान काय न्हाई."

ताईंनी मास्क नाकावर चढवला. वासामुळं म्हणावं, तर इतका वेळ तो हनुवटीवरच होता.

"येमे झालाय न्हवं?" स्वरूपा म्हणाली. "मग ह्ये टोक धरा. त्या साधूंनी बी कुणाला तरी धराय लावलंच आसंल."

ताईंनी दोन बोटांत धरलं. निसटलं. मग मुठीत धरलं.