शेजारच्या आजींची शेवंती

बाबा गेल्यापासून आईनं केसांत फूल माळलं नव्हतं. "आता कोण काय म्हणतंय गं, माळ ना," असं मी नागपूरला गेले की दरवेळी म्हणायचे आणि ती दरवेळी विषय बदलायची. या वर्षी तिला हट्टानं अमेरिकेत, फ्रीमाँटला आणलं, तेव्हा माझ्या मनात एकच होतं. इथे तिला ओळखणारं कुणी नाही, इथे तरी ती माळेल. माझ्या हातून माळेल.

पण आली आणि शेजारच्या चिनी आजींची झाली. त्याही मुलाकडे राहायला आलेल्या. तिकडे शाळेत जुन्या कविता शिकवायच्या. मी मीटिंगमध्ये अडकलेली असायचे तेव्हा या दोघी त्यांच्या अंगणात कुंड्यांपाशी बसायच्या, मध्ये फोन ठेवून. एकीनं बोलायचं आणि फोननं त्याचं मोडकंतोडकं भाषांतर दुसरीला ऐकवायचं.

मग रात्रीच्या जेवणाला ते सगळं माझ्या पानात. चंद्रावर एक सुगंधी झाड आहे. एक माणूस शिक्षा म्हणून ते तोडत असतो आणि प्रत्येक घाव लगेच भरून येतो. पश्चिमेच्या डोंगरावर देवीच्या बागेत पीच पिकतात, पण हजारो वर्षांतून एकदाच. ते खाल्लं की मरण नाही. आणि कुठलीशी अळंबी आहे म्हणे, तिनं मेलेला माणूस उठून बसतो.

"मेलेला उठतो?" मी विचारलं.

"गोष्टीत उठतो," आई म्हणाली आणि हसली.

बाबांनंतर मरणाच्या विषयावर ती पहिल्यांदाच हसत होती. मला आनंद व्हायला हवा होता. माझा नुसता जळफळाट झाला. शनिवारी मी मुद्दाम तिला गुलाबाच्या बागेत नेलं, तर तिथेही तिनं खाली पडलेली एक पाकळी उचलून पर्समध्ये ठेवली. "त्यांना दाखवते," म्हणाली.

गाडीत नवरा म्हणाला, "यार, सवत आल्यासारखं काय वागतेस? चिल कर ना." त्याला काय जातंय बोलायला!

दसऱ्याला इंडियन स्टोअरमधला झेंडू सकाळीच संपला होता. म्हणून आईनं सुपरमार्केटातून पांढऱ्या शेवंतीचा छान गुच्छ घेतला आणि श्रीखंडाच्या वाटीबरोबर तो घेऊन शेजारी निघाली. मीही मागोमाग गेले. दार आजींच्या मुलानं उघडलं आणि फुलं बघून त्याचा चेहराच पडला. मला बाजूला घेऊन तो इंग्रजीत हळूच म्हणाला, की आमच्याकडे पांढरी शेवंती कुणी वारलं तर नेतात. खरं सांगते, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता संपलं यांचं गूळपीठ, असं वाटलं.

आजींनी गुच्छाकडे पाहिलं, मग आईच्या निरागस चेहऱ्याकडे पाहिलं आणि खदखदून हसल्या. फोनच्या भाषांतरातून त्यांनी आधी पांढऱ्या फुलांचा अर्थ सांगितला. आई शरमून गुच्छ मागे घ्यायला लागली, तर त्यांनी तो घट्ट धरून ठेवला. जुन्या कवितांमध्ये शेवंती दीर्घायुष्याची आहे, त्या म्हणाल्या. शरदात लोक ती मद्यात घालून प्यायचे, केसांत खोवायचे. मग कुंडीतलं एक पिवळं फूल खुडून त्या आईच्या मागे गेल्या.

आता ही झटकन बाजूला होणार, मी मनाशी म्हटलं. आईनं मान जराशी खाली केली, त्यांना खोवायला सोपं जावं म्हणून.

घरी आल्यावर मला राहवलं नाही. "मी इतकी वर्षं मागे लागलेय. माझ्या हातून का नाही माळलंस?"

आईनं श्रीखंडाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. "तू म्हणायचीस ना, तेव्हा तुझे डोळे भरून आलेले असायचे. मग मला समोर तुझे बाबाच दिसायचे. आजींनी नुसतं फूल माळलं गं."

तिच्या अंबाड्यातलं फूल एका बाजूला कललं होतं. माझ्या केसांतली पिन काढून मी ते सरळ करायला हात पुढे केला.

"राहू दे," आई म्हणाली. "त्यांनी लावलंय तसंच असू दे."